विळी पुन्हा जागेवर ठेव

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रं मुद्दाम एकत्र घेतली आहेत. लिहिणारे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. एक बाळंतीण, एक निवृत्त गृहस्थ आणि एक नेहमी आगगाडीने ये-जा करणारा तरुण. तिघांनाही एकाच गोष्टीने घेरलं आहे. आपल्याला मुळीच नको असलेला, भयंकर किंवा घाणेरडा विचार मनात येतो आणि त्यावरून ते स्वतःबद्दल निकाल देऊन मोकळे होतात. सोलापुरात दवाखाना चालवताना हे दुःख मला मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही भाषांत ऐकायला मिळतं. सुरुवातीचं वाक्य बहुधा एकच असतं, “मॅडम, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.” ओळख पटेल असा मजकूर पत्रांतून काढून टाकला आहे. उत्तरं त्या तिघांना आहेत, पण घरच्यांनीही वाचावीत, कारण घरच्यांच्या हातात पुष्कळ काही आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, घरी आम्ही तेलुगू बोलतो, शाळा मराठी होती म्हणून मराठीत लिहिते, चुका पोटात घाला. वय सव्वीस. बाळंतपणाला पुण्याहून माहेरी आले. अशोक चौकाच्या बाजूला आमचं घर आहे. मुलगी झाली, आता तिसरा महिना चालू आहे. एक दिवस मी विळीवर दोडका चिरत होते आणि ती शेजारी झोळीत झोपली होती. एकदम मनात आलं, ही विळी तिच्या गळ्यावर… पुढचं लिहवत नाही. पण डोळ्यांसमोर दिसलं. मी किंचाळले. आईला वाटलं बोट कापलं. तेव्हापासून दिवसातून कितीतरी वेळा असं होतं. गच्चीवर गेले की हिला खाली टाकलं तर? अंघोळ घालताना हिला पाण्यात दाबलं तर? मी विळी, सुऱ्या, कात्री सगळं जुन्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. भाजी आता शेजारच्या काकूंकडून चिरून येते. अंघोळ आई घालते. रात्री मी मुलीजवळ एकटी झोपत नाही. आईला सारखं विचारते, अम्मा, मी हिला काही करणार नाही ना? ती म्हणते, वेडी का तू, तुझंच लेकरू आहे. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, मग परत विचारावंसं वाटतं. काकूंनी बाहेरचं असेल म्हणून उतारा टाकला. नवरा शनिवारी येतो, त्याला वाटतं मला मुलगी नको होती. मॅडम, मुलगी व्हावी म्हणून मीच नवस केला होता. मी राक्षसीण आहे का? आणि डॉक्टरला सांगितलं तर मुलीला माझ्यापासून काढून घेतील का?

उत्तर : अगं, आधी तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, कारण ती मिळाल्याशिवाय बाकीच्यात तुझं लक्ष लागणार नाही. तू राक्षसीण नाहीस. आणि असे नको असलेले विचार मानसोपचारतज्ज्ञाला सांगितले म्हणून कुणी मूल काढून घेत नाही. बाळंतीण समोर आली की आम्ही स्वतःहून विचारतो, बाळाबद्दल भीतिदायक विचार किंवा चित्रं मनात येतात का? पुष्कळ जणी आधी रडतात, मग बोलतात.

निकोल फेअरब्रदर आणि शीला वूडी या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी नुकत्याच आई झालेल्या बायकांना हाच प्रश्न नीट विचारला आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळ गुदमरेल, हातातून पडेल असे अपघाताचे नकोसे विचार जवळजवळ सगळ्यांनाच येत होते. आणि आपणच मुद्दाम बाळाला इजा करू, असे विचार साधारण निम्म्या आयांच्या मनात येऊन गेले होते. निम्म्या, बाळा. बारशाला जमलेल्या बायका टाक्यांबद्दल बोलतात, दूध येत नाही त्याबद्दल बोलतात, यावर मात्र एक अक्षर काढत नाहीत. म्हणून प्रत्येकीला वाटतं की ही घाण फक्त माझ्याच डोक्यात शिरली आहे.

बाळ झाल्यावर आईचं मन रात्रंदिवस धोका शोधत असतं. तेच त्याचं काम आहे. झोप तुटक झालेली, शरीरातली संप्रेरकं झपाट्याने बदललेली. अशा वेळी विळी आणि बाळ एकत्र दिसलं की ‘लागली तर?’ हे मनात येतं, आणि त्याचंच ‘मी लावली तर?’ असं रूप व्हायला क्षणही लागत नाही. बहुतेक आया शहारतात आणि पुढच्या कामाला लागतात. तू तिथे थांबलीस. असा विचार आलाच कसा, म्हणजे माझ्या आत काहीतरी असणार, असं तुला वाटलं. पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये हे फार नेमकेपणाने दाखवलं. नकोसा विचार कुणालाही येतो. त्याला जो अर्थ लावला जातो आणि ‘आता अनर्थ टाळणं माझ्याच हाती आहे’ असं जे ओझं माणूस उचलतो, त्याने आजार वाढतो. ज्याला आपण ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतो, जुनी माणसं मंत्रचळ म्हणायची, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. हात धुणं आणि कुलूप तपासणं एवढाच ओसीडी असतो, असं समजू नकोस. तुझ्यासारखा, बाहेरून न दिसणारा ओसीडीही फार मोठ्या प्रमाणावर असतो.

आता त्या ट्रंकेबद्दल. तू विळीला कुलूप लावलंस तेव्हा तुला वाटलं, मुलगी वाचली. मनाने मात्र त्यातून वेगळाच धडा घेतला. विळी बाहेर असती तर हिने केलंच असतं, असं ते शिकलं. आईने अंघोळ घातली, मुलगी सुखरूप राहिली. मन म्हणालं, आईमुळे राहिली. तू किती प्रेमाने आणि सांभाळून तिला न्हाऊ घालशील, हे पाहायची संधीच तू मनाला देत नाहीस. आणि अम्माचं उत्तर. ते तुला थोडा वेळ पुरतं, कारण तुला हवी आहे पूर्ण, कायमची, शंभर टक्के खात्री. तशी खात्री जगात कुठल्याच आईला कुठल्याच गोष्टीची मिळत नाही. त्यामुळे प्रश्न पुन्हा उठतो, आणि प्रत्येक उत्तरागणिक तो विचारायची गरज वाढत जाते. म्हणून तुला एक कडक सूचना आहे. माझं हे उत्तर एकदा वाच, हवं तर नवऱ्याला वाचून दाखव आणि मग अंक बाजूला ठेव. कात्रण उशाशी ठेवून भीती वाटेल तेव्हा वाचायला लागलीस, तर अम्माच्या जागी मी येईन, एवढंच होईल.

सुरुवात विचारण्यापासून कर. अम्माला सांग की इथून पुढे मी हा प्रश्न विचारला तर उत्तर देऊ नकोस. तिने एवढंच म्हणावं, “हे तू परत विचारतेयस. मी आता यावर बोलणार नाही. चल, दोन घास खाऊन घे.” तिला हे जड जाईल. लेक रडताना धीर न देणं कुठल्या आईला जमतं? पण या आजारात तो धीरच दुखणं पोसतो. हे तिला तेलुगूत, तुझ्या शब्दांत, तू शांत असताना समजावून सांग. भीती चढलेली असताना नको.

मग ट्रंक उघड. विळी पुन्हा जागेवर ठेव. आई घरात असताना, मुलगी नेहमीसारखी झोळीत असताना, भाजी चिरायला बस. विचार येईल. येऊ दे. आला, एवढी नोंद घे आणि चिरत राहा. देवाचं नाव घेऊन, ओठ चावून, नजर फिरवून त्याला हाकलू नकोस. मी चांगली आई आहे, अशी मनातल्या मनात वकिलीही करू नकोस. छाती धडधडेल, हाताला घाम येईल, उठून जावंसं वाटेल. उठू नकोस. भीती चढते तशी आपण काही न करता उतरतेही. मात्र ती उतरेपर्यंत तिथे बसून राहावं लागतं, आणि आजवर तू प्रत्येक वेळी त्याआधीच उठून गेली आहेस. तुमच्या भागात भिंतीला भिंत लागून माग चालतात. नवीन राहायला आलेल्या माणसाला त्या खडखडाटात सुरुवातीला झोप लागत नाही. पुढे लागते. माग काही बंद पडलेले नसतात. तुलाही विचार बंद पाडायचे नाहीत, त्यांच्या आवाजात आपलं घरकाम करायला शिकायचं आहे. ते शिकलीस की ते विरळ होत जातात, पण विरळ झाले का हे मोजत बसायचं नाही.

विळीनंतर अंघोळ. आधी आई दाराशी असताना, मग ती दुसऱ्या खोलीत असताना. मग रात्री एकटीने जवळ घेऊन झोपणं. गच्ची सगळ्यात शेवटी ठेव, आणि तिथेही कुठलीही शहाणी आई कठड्यापासून जेवढं अंतर ठेवते तेवढंच ठेव, जास्त नको. या पद्धतीला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात. लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली या वाटेने बरे झालेले पहिले रुग्ण नोंदवले. त्याआधी या आजारावर धड उपाय नव्हता. आज ओसीडीवरच्या उपचारांत हिचा पाया सगळ्यात भक्कम मानला जातो. मात्र तू हे एकटीच्या जोरावर करू नकोस, सोबत जाणकार हवा. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, म्हणजे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. पुण्याला परत गेलीस तर तिथे जा, पण पुण्याला जाईपर्यंत थांबू नकोस.

औषधाची भीती वाटत असेल तर सांगते. या आजारासाठी वापरली जाणारी सर्ट्रालीनसारखी काही औषधं अंगावर पाजणाऱ्या आयांनाही देता येतात, दुधात त्यांचा फार थोडा अंश उतरतो. कुठलं आणि किती, हे तुला तपासणारे डॉक्टर ठरवतील. ओसीडीत औषधाचा पूर्ण गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

आता पुढचा परिच्छेद तुझ्यापेक्षा तुझ्या आईने आणि नवऱ्याने वाचायचा आहे. बाळंतपणानंतर आणखी एक आजार होतो आणि तो पूर्ण वेगळा आहे. हजार बाळंतिणींमागे एखाददुसरीला, बहुधा पहिल्या दोनेक आठवड्यांत. बाई झोपतच नाही आणि तिला झोपेची गरजही वाटत नाही, बोलणं असंबद्ध होतं, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळ आपलं नाही, त्याच्यात सैतान किंवा देव आला आहे, असं ठामपणे वाटू लागतं. आणि मुख्य म्हणजे इजा करण्याच्या विचाराची तिला भीती वाटत नाही, तो तिला बरोबर वाटतो. असं काही दिसलं तर सकाळ व्हायची वाट पाहू नका. बाळ-बाळंतिणीला एकटं न ठेवता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. तुझ्या पत्रात आहे ती घाबरलेली, जागरूक आई. तरीही सतत उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, मरून जावंसं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. ओसीडीच्या जोडीने नैराश्य पुष्कळदा येतं.

नवऱ्याशी येत्या शनिवारीच बोल. त्याला तुझं दूर राहणं दिसतं, त्यामागची भीती दिसत नाही. काकूंवर रागावू नकोस, पण आता उतारे पुरेत, असं नम्रपणे सांग. ‘बाहेरचं’ म्हटलं की पुन्हा तू एखाद्या वाईट गोष्टीच्या ताब्यात आहेस, हीच भीती पक्की होते.

प्रश्न : आदरणीय डॉक्टर, मी ६४ वर्षांचा निवृत्त कर्मचारी. बाळीवेस भागात राहतो. घराणं लिंगायत, लहानपणापासून इष्टलिंग पूजा. गेल्या वर्षापासून लिंग तळहातावर घेताच मनात अत्यंत अश्लील शब्द येतात, तेही देवाला उद्देशून. ते पुसण्यासाठी मी ‘ॐ नमः शिवाय’ १०८ वेळा म्हणतो. मध्ये शब्द आला की पहिल्यापासून सुरुवात. अर्ध्या तासाची पूजा जेवणवेळेपर्यंत लांबते. तरुणपणापासून मी गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांना गेलो आहे. यंदा गेलो नाही. संमती कट्ट्यावर यात्रेतल्या विवाहसोहळ्याच्या अक्षता पडत असताना माझ्या तोंडून शिवी बाहेर पडली तर, या भीतीने घरात बसलो. सुनेला गुडघा दुखतो असं सांगितलं. कॉलेजात असताना परीक्षेच्या दिवसांत कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायची खोड होती, ती नोकरी लागल्यावर गेली. आयुष्यात मी कधी शिवी दिलेली नाही. हे कुठल्या पापाचं फळ?

उत्तर : काका, सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवशी तुम्ही दार लावून बसलात, हे वाचून मला फार वाईट वाटलं. ज्या सोहळ्यात उभं आयुष्य गेलं तोच या आजाराने तुमच्याकडून हिरावून घेतला.

नकोसे विचार माणसाच्या सगळ्यात नाजूक जागी येतात. तरुण आईला बाळाबद्दल येतात, तुम्हाला इष्टलिंगाबद्दल येतात. ज्याला देवाधर्माचं काही वाटत नाही, त्याच्या मनात असा शब्द आला तरी तो विसरून जातो. तुम्हाला तो छळतो याचं कारण तुमची श्रद्धा आहे, पाप नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुस्लिम रुग्णांना हेच वसवसे, म्हणजे नकोसे विचार, नमाजात येतात, वुजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, बरोबर झालं की नाही म्हणून ते नळाखाली पुन्हा पुन्हा हात धुतात. ख्रिस्ती रुग्णांना चर्चमध्ये येतात. धर्म कुठलाही असो, दुखण्याची रीत एकच आहे.

हे विचार आजारी माणसांनाच येतात असंही नाही. स्टॅन्ली राखमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्ये ओसीडी नसलेल्या माणसांना विचारलं, तेव्हा दहातल्या आठांनी असे विचार येत असल्याचं मान्य केलं. २०१४ साली सहा खंडांतल्या १३ देशांत ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा साधारण ९४ टक्के विद्यार्थ्यांना मागच्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार येऊन गेला होता. आजारी आणि निरोगी माणसांच्या विचारांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर मजकूर पुष्कळसा सारखाच निघतो. फरक दिसतो तो किती वेळा येतो, किती छळतो आणि तो आल्यावर माणूस काय करतो, यात.

आणि तुम्ही जे करता, त्यातच गोम आहे. विचार दाबला की काय होतं, यावर अमेरिकेतल्या डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. नंतर त्यांना विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांना पहिल्यापासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षाही यांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. काका, तुम्ही तर शब्द आला का हे पाहायला प्रत्येक जपाबरोबर पहारा बसवला आहे. आला का, हे पाहण्यासाठीही तो शब्द आठवावा लागतो.

दुसरी एक समजूत तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. मनात शब्द येणं आणि तो उच्चारणं सारखंच, दोन्हींचं पाप सारखंच. रॉझ शाफरन, राखमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये यावर काम केलं. ओसीडीच्या रुग्णांत विचार आणि कृती अशी एकमेकांत मिसळून गेलेली पुष्कळदा दिसते. विचार आला म्हणजे मी तसा आहे, किंवा विचार आला म्हणजे तसं घडण्याची शक्यता वाढली. संमती कट्ट्यावर तोंडून शिवी जाईल ही भीती यातलीच. उभ्या आयुष्यात शिवी न दिलेला माणूस केवळ भीती वाटते म्हणून देवाला शिवी देत नाही. ही भीती माझ्याकडे अनेकांनी सांगितली आहे. तशी शिवी खरोखर दिलेला त्यांच्यात मला कुणी भेटलेला नाही.

उद्यापासून पूजा पूर्वीच्याच वेळेला, पूर्वीच्याच क्रमाने करा. जप एकदाच. मध्ये शब्द आला तर तो तिथेच असू द्या आणि पुढचा ‘ॐ नमः शिवाय’ म्हणा. पहिल्यापासून सुरू करायचं नाही. पूजा अपुरी राहिली, अशुद्ध झाली, असं फार तीव्रतेने वाटेल. त्या वाटण्यासह पूजा संपवायची आणि नाष्ट्याला बसायचं. दिवसभर हुरहुर राहील, ती निस्तरायला संध्याकाळी वेगळा जप करायचा नाही. देवाला नावं ठेवायला तुम्हाला कुणीही सांगणार नाही. असे उपचार माणसाच्या श्रद्धेचा मान राखून करता येतात आणि करायलाच हवेत. रोजच्या पूजेत नेमकं काय आवश्यक याबद्दल मनात गोंधळ असेल तर तुमच्या मठातल्या स्वामीजींना एकदा विचारा. एकदाच. तेच पुन्हा विचारावंसं वाटलं तर तो आजाराचा प्रश्न आहे असं समजा.

एक गोष्ट मात्र मी फक्त पत्रावर सोडणार नाही. ओसीडी साधारणपणे लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, पन्नाशीनंतर पहिल्यांदा होणं दुर्मीळ. तुमच्या कुलपाच्या आठवणीवरून वाटतं की तरुणपणीची जुनी प्रवृत्ती निवृत्तीनंतरच्या रिकामपणात पुन्हा वर आली असावी. तरीही या वयात नीट तपासणी झालीच पाहिजे. विसरभोळेपणा वाढलाय का, स्वभाव बदललाय का, हात थरथरतात का, चालणं मंदावलंय का, कुठलं नवं औषध सुरू झालंय का, हे सगळं डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर ते मेंदूची तपासणी करायला सांगतील. आणि सुनेला खरं कारण सांगा. गुडघ्यासाठी ती तेल गरम करून देत असेल, तिला तुमचं खरं दुखणं कळू द्या.

येत्या संक्रांतीला बाराबंदी अंगात घाला. विचार पूर्ण गेल्यावर जाईन, अशी अट घालू नका. विचार बरोबर घेऊनच अक्षतेला उभं राहायचं आहे.

प्रश्न : मॅडम, नोकरीनिमित्त आठवड्यातून बऱ्याचदा पुण्याला जातो. सकाळी सोलापूर स्टेशनवर हुतात्मा एक्स्प्रेस फलाटाला लागत असताना अचानक वाटतं, मारावी उडी. मला मरायचं नाही. पगार बरा आहे, बायको चांगली आहे, मुलगा पहिलीत आहे. मी पटकन मागे सरकून खांबाला धरतो. ही आत्महत्येची सुरुवात आहे का? हे बायकोला सांगू का?

उत्तर : तुम्ही लिहिलंय तेवढंच असेल, तर नाही. उंच जागी उभं राहिल्यावर उडी मारावीशी वाटते का, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं. २०१२ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. आयुष्यात कधीही आत्महत्येचा विचार न आलेल्यांपैकीही निम्म्याहून थोड्या जास्त जणांनी हो म्हटलं. संशोधकांचा अंदाज असा की शरीर धोका ओळखून झटकन मागे सरतं आणि मन त्या झटक्याचा अर्थ मागाहून चुकीचा लावतं. पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहणं सगळ्यांनीच पाळावं, तुम्हीही पाळा. खांबाला धरणं मात्र सोडा.

फरक कुठे करायचा ते लक्षात ठेवा. मरण आलं तर सुटेन असं वाटणं, त्या विचाराने भीतीऐवजी हलकं वाटणं, दिवस किंवा जागा ठरवणं, वस्तू वाटून टाकणं, आपण घरच्यांवर भार आहोत असं वाटणं, हे नकोशा विचारांचं लक्षण नाही. असं काही असेल, आज नाही तर पुढे कधी वाटलं, तर थांबू नका. जवळच्या माणसाला सांगा, एकटं राहू नका आणि १४४१६ वर फोन करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्री लागते आणि मराठीत बोलता येतं. कन्नड, तेलुगूतही. वरच्या दोघांसाठीही हाच नंबर.

बायकोला सांगा. रविवारी, मुलगा खेळायला गेला की सांगा. आधीच बजावून ठेवा की स्टेशनवर पोचल्यावर रोज फोन करून ‘ठीक आहेस ना?’ असं विचारायचं नाही. एकदा नीट ऐकून घेतलं की पुरे.